बेडग रोडची जमीन साफ होईल, मग ती कोणाची?

कचऱ्याचा ढीग धुमसत होता तोवर बेडग रोडच्या त्या जमिनीचा भाव कोणी विचारत नव्हतं. आता जुना कचरा उपसायचा, चाळायचा, डेपो मोकळा करायचा, ही भाषा देशभरातल्या महापालिकांत रुळली आहे. स्वच्छ भारत अभियानाचा दुसरा टप्पा १ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला, तेव्हा शहरांतले कचऱ्याचे जुने डोंगर हटवणं हे त्याचं एक उद्दिष्टच ठरवलं गेलं. डोंगर हटला की खाली जमीन उरते आणि जमीन उरली की हिशेब मांडणारे येतात. रस्ता किती फुटी, एफएसआय किती, एकरी काय येईल? या हिशेबात दोन आकडे कधी नसतात. त्या मातीत शिसं किती आहे, आणि तिच्या शेजारी इतकी वर्षं धूर खात राहिलेली माणसं किती आहेत?

माझं भांडण या दोन गाळलेल्या आकड्यांसाठी आहे.

सांगली, मिरज आणि कुपवाड या तीन शहरांची मिळून १९९८ मध्ये एक महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या पाच लाखांच्या वर होती. सांगलीचा कचरा समडोळी रोडला आणि मिरजेचा बेडग रोडला, अशी वाटणी वर्षानुवर्षं चालत आली. उन्हाळ्यात ढीग पेटतो, पावसाळ्यात त्यातून काळं पाणी झिरपतं. महापालिकेच्या घनकचऱ्याचं प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं, यावरूनच कारभाराची कल्पना यावी. त्यातच २०१८ मध्ये निवडून आलेल्या सभागृहाची मुदत २०२३ मध्ये संपली आणि प्रशासकाचा कारभार सुरू झाला. नगरसेवक असताना निदान त्याच्या दारात जाऊन आरडाओरडा तरी करता येतो. प्रशासकाच्या दारात टोकन घ्यावं लागतं.

आता या ढिगात काय असू शकतं ते पाहू. मिरज हे दवाखान्यांचं गाव. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल उभं केलं, पुढे १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं, आणि आज कर्नाटकातूनही पेशंट इथे येतात. याचा आपल्याला अभिमान आहे आणि असायलाही हवा. पण दवाखान्यांच्या कचऱ्यासाठी वेगळे नियम भारतात पहिल्यांदा झाले ते १९९८ मध्ये. म्हणजे शंभर वर्षं या शहरातल्या सुया, पट्ट्या, सलाईनच्या बाटल्या, तुटलेल्या थर्मामीटरमधला पारा हे सगळं कुठल्या ना कुठल्या खड्ड्यात, खाणीत, नाल्याच्या कडेला जात होतं. १९९८ नंतरही नियम कागदावर आले म्हणून दुसऱ्या दिवशी सगळ्या गाड्या वेगळ्या रस्त्याने जाऊ लागल्या, असं समजायला आपण काही दुधखुळे नाही. दुसऱ्या शहरात हा प्रश्न कदाचित मागे ठेवता येईल. मिरजेत तो पहिला विचारला पाहिजे. शहराची कचऱ्याची जुनी ठिकाणं कोणती होती, आणि आज तिथे काय उभं आहे?

त्यात रेल्वे जंक्शनचं गाव, कुपवाडची औद्योगिक वसाहत, गॅरेजं, रंगाची दुकानं, जुन्या बॅटऱ्या. शहर जे जे वापरतं ते सगळं शेवटी ढिगात येतं. ढीग कुणालाच नाही म्हणत नाही.

बायोमायनिंग म्हणजे नेमकं काय, हे लोकांना कोणी समजावून सांगत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. जुना कचरा पोकलेनने उकरतात, त्याचे लांब वाफे लावतात, त्यावर जिवाणूंचं द्रावण फवारतात, तो उलथापालथा करत वाळवतात आणि मग मोठ्या फिरत्या चाळणीतून काढतात. प्लॅस्टिक-चिंध्या एकीकडे, त्या सिमेंट कारखान्यांच्या भट्टीत जळण म्हणून जातात. दगड-विटा दुसरीकडे, भरावाला. उरते ती बारीक काळी माती. दिसायला खतासारखी, आणि अनेकदा खत म्हणूनच खपवली जाते. तिच्यात शिसं, कॅडमियम, क्रोमियम किती आहे हे डोळ्यांनी कळत नाही, नाकालाही कळत नाही. डेपोच्या पलीकडे ऊस आणि द्राक्षांचा मुलूख आहे. ही माती ट्रॉलीने शेतात पडली तर डेपो साफ झाला असं नव्हे, डेपो शिवारभर पसरला असं म्हणावं लागेल.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. ढीग हलला म्हणजे जमीन साफ झाली, असं होत नाही. इतक्या वर्षांचं काळं पाणी खाली मुरलेलं असतं. जुन्या डेपोंच्या तळाला ना प्लॅस्टिकचा थर असतो ना मातीचा बांध. ते पाणी आसपासच्या बोअरला आणि विहिरींना मिळालं का, हे तपासल्याशिवाय कोणालाच सांगता येणार नाही. चाळणीचा ठेकेदार टनावर पैसे घेतो. किती टन चाळले, इतकंच त्याला मोजायचं असतं. खालची माती हा त्याच्या बिलातला विषयच नाही. ठेका संपला, फोटो निघाले, फीत कापली, आणि सातबाऱ्यावर जमीन 'मोकळी' झाली. पुढचा हिशेब त्या 'मोकळी' या शब्दावर उभा राहतो.

असा शब्द किती महाग पडतो, हे मुंबईत मालाडने पाहिलं आहे. चिंचोली बंदरच्या जुन्या डंपिंगवर माइंडस्पेस नावाचं चकचकीत कार्यालय संकुल उभं राहिलं. काही वर्षांत तिथल्या कंपन्यांचे संगणक आणि एसी वेळेआधी निकामी व्हायला लागल्याच्या तक्रारी आल्या. खालच्या कचऱ्यातून निघणाऱ्या वायूंनी धातूचे भाग गंजत होते. संगणक गंजले तेव्हा बातमी झाली, तज्ज्ञ बोलावले गेले. तीच हवा ओढणाऱ्या आसपासच्या माणसांच्या फुफ्फुसांचं काय, हा प्रश्न त्या गदारोळात दुय्यम राहिला. यंत्राला वॉरंटी असते ना.

चांगलं उदाहरणही मुंबईतलंच आहे, धारावीला लागून. आज जिथे महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे, त्या ३७ एकरांवर एकेकाळी शहराचा कचरा पडायचा. तो बंद केला, वर माती टाकली, झाडं लावली, आणि १९९४ मध्ये उद्यान खुलं झालं. तिथे कोणी टॉवर बांधला नाही. इंदूरने २०१८-१९ मध्ये देवगुराडियाचा सुमारे १३ लाख टन जुना कचरा काढून शंभरेक एकर जागा मोकळी केली. त्या शहराच्या स्वच्छतेच्या कामात सल्लागार म्हणून असद वारसी यांचं नाव घेतलं जातं. आपल्या पोरांनी इंजिनिअरिंग करून फक्त आखातात जायचं असतं असं मानणाऱ्या पालकांसाठी हे नाव मुद्दाम लिहून ठेवतो. इंदूरने त्या जमिनीवर हिरवळ केली, शेजारी ओल्या कचऱ्यापासून गॅस बनवणारा प्रकल्प आणला. घरं बांधली नाहीत.

मग घरं कोणासाठी बांधायची ठरतात? ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने देवनार डंपिंग ग्राउंडची १२४ एकर जागा धारावी पुनर्विकासासाठी द्यायचं ठरवलं. देवनारमध्ये १९२७ पासून मुंबईचा कचरा पडतो आहे आणि तिथे सुमारे १८५ लाख टन जुना कचरा साचलेला आहे. तिथे कोणाला पाठवायचं? धारावीत जे 'अपात्र' ठरतील त्यांना. म्हणजे कागद अपुरे असलेल्यांना, भाडेकरूंना, माळ्यावर राहणाऱ्यांना. त्यांत मुसलमान किती, दलित किती, तमिळ किती, हे सांगायला जनगणनेची गरज नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की बंद केलेल्या डेपोवर घरं, शाळा, दवाखाने नकोत. सूचना सगळ्यांसाठी असतात. अपवाद मात्र नेमके गरिबांच्या वाट्याला येतात. ज्यांच्या जमिनीला भाव आला त्यांना तिथून हलवायचं आणि जिथे भाव नाही तिथे ठेवायचं, आणि तिलाही भाव आला की तिथूनही उठवायचं. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

मिरजेला देवनार व्हायला वेळ लागेल, असं कोणी म्हणेल. आकार लहान आहे, मान्य. पण पद्धत तीच आहे. आज डेपोच्या बाजूची वस्ती म्हणजे 'बिचारे, वास सहन करतात'. उद्या तीच वस्ती 'अतिक्रमण' होईल. हा शब्द बदलण्याचा दिवस ठरलेला असतो. ज्या दिवशी जमिनीला गिऱ्हाईक मिळतं, तो दिवस.

गिरण्यांच्या जमिनींचं काय झालं ते आठवा. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला संप, मग बंद गिरण्या, मग १९९१ चा नियम. बंद गिरणीच्या जमिनीचा एक भाग महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, आणि उरलेला मालकाला. ऐकायला किती न्याय्य! २००१ मध्ये त्या नियमात बदल झाला. वाटणी संपूर्ण जमिनीची नाही, फक्त बांधकाम नसलेल्या मोकळ्या भागाची होणार. गिरणीची जमीन तर शेडनी भरलेली. शहराच्या आणि कामगारांच्या वाट्याला चिंधी आली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि मार्च २००६ मध्ये तो बदल कायम राहिला. सगळं कायद्याने झालं, कोणी दरोडा घातला नाही. म्हणूनच मला 'नियमानुसार लोकांचा वाटा राखून ठेवू' या आश्वासनाची भीती वाटते. वाटा राखतात, आणि मग 'जमीन' या शब्दाचा अर्थ बदलतात.

आपल्या फिकहमध्ये या प्रश्नाला एक जुनं नाव आहे, मवात. मेलेली जमीन. जी पडीक आहे, कोणाच्या मालकीची नाही, कोणाच्या उपयोगात नाही, ती जो मेहनतीने जिवंत करेल त्याचा तिच्यावर हक्क, असा हदीसचा आशय आहे. त्याच्याच जोडीला असंही आहे की दुसऱ्याच्या जमिनीत जुलमाने रोवलेल्या मुळाला कसलाही हक्क नाही. यासाठी शासनाची परवानगी लागते की नाही यावर इमाम अबू हनीफा आणि त्यांचेच शिष्य अबू युसूफ यांच्यात मतभेद होता. गुरू म्हणाले लागते, शिष्य म्हणाले लागत नाही. पण दोन गोष्टी आजच्या प्रश्नाला थेट भिडतात. एक, वस्तीला लागून असलेली, वस्तीच्या सामायिक वापरातली जमीन मवात धरत नाहीत. मराठी माणसाला हे समजायला अरबी यायला नको, आपण तिला गायरान म्हणतो. दोन, हजरत उमर यांनी ठरवलं की नुसतं कुंपण घालून जमीन अडवणाऱ्याचा हक्क तीन वर्षांनी संपतो. बिलाल बिन हारिस यांना मिळालेल्या अकीकच्या जमिनीतला जो भाग ते कसू शकले नाहीत तो उमर यांनी परत घेऊन लोकांत वाटला. औद्योगिक वसाहतींत प्लॉट घेऊन वर्षानुवर्षं गेटला गंजकं कुलूप लावून बसणाऱ्यांना हा निवाडा कोणी तरी वाचून दाखवायला हवा.

बेडग रोडची जमीन मेलेली नव्हती, मारली गेली. शहराने ती मारली. त्यामुळे ती जिवंत करायचं कर्ज शहराच्या डोक्यावर आहे, आणि जिवंत झाल्यावर पहिला हक्क तिचं मरण शेजारी राहून सोसणाऱ्यांचा आहे. ठेकेदाराला मेहनतान्याचे पैसे मिळतील, मालकी नाही.

आता आपल्याच घरात डोकावतो, कारण दुसऱ्यांकडे बोट दाखवून हा लेख संपवणं सोपं आहे. बॅटरी फोडून शिसं काढायचा धंदा शहरोशहरी कोण करतं? भंगारच्या व्यवसायात आपली माणसं मोठ्या संख्येने आहेत. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. शहराचा निम्मा कचरा याच माणसांनी फुकटात वेगळा केला आहे. पण ॲसिड गटारीत ओतायचं, शिसं पत्र्याच्या शेडमध्ये वितळवायचं आणि त्याच शेडच्या मागे लेकरं झोपवायची, हे चालत आलं आहे. मुलांच्या शरीरात शिशाची सुरक्षित अशी कुठलीही पातळी जागतिक आरोग्य संघटना मानत नाही. पोराचं अभ्यासात लक्ष नाही म्हणून मौलानांकडून दम करून आणतो आपण. एकदा रक्तातलं शिसंही तपासून आणा.

आणि आपले पुढारी? निवडणूक आली की त्यांच्या मागण्यांची यादी तोंडपाठ असते : कब्रस्तानला जागा, शादीखाना, ईदगाहची भिंत. तिन्ही गरजा खऱ्या आहेत. पण महापालिकेलाही ही यादी फार सोयीची आहे. एक भिंत बांधून दिली की पाच वर्षं निर्धास्त. गटार, पाणी, कचरा, माती यांच्याबद्दल मोहल्ल्यातून कागद आला तर मात्र साहेबांना घाम फुटतो, कारण त्यावर भिंत बांधून भागत नाही. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने मुस्लिम वस्त्यांतल्या नागरी सोयींच्या कमतरतेबद्दल लिहून ठेवलं, तेव्हा त्यावर भाषणं आपण खूप केली. अर्ज किती केले?

मिरजेचं कौतुक करणाऱ्यांनाही एक विनंती. उद्या त्या मोकळ्या जमिनीवर कोणी तरी 'संगीतनगरी'चं रंगीत चित्र घेऊन येईल. तंबोऱ्याच्या आकाराची कमान, उस्ताद अब्दुल करीम खाँ साहेबांचा पुतळा, कारंजं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा अशा चित्रांना आता बाजारही आहे. सतारमेकर गल्लीतल्या कारागिराला कमान नको आहे. त्याला स्वस्त भाड्याचा, उजेडाचा, पॉलिशचा वास बाहेर जाईल असा गाळा हवा आहे, आणि तोही गल्लीजवळ. दर्ग्याच्या उरसात खाँ साहेबांच्या स्मरणार्थ अजून गाणं होतं, ते ऐकायला सगळ्या धर्मांचे लोक बसतात, तेवढं स्मारक पुरेसं आहे. दूषित जमिनीवर कोणाच्याही नावाची पाटी लावली की ती शुद्ध होत नाही.

अमेरिकेतल्या नायगारा फॉल्स शहरात लव्ह कॅनॉल नावाची वस्ती होती. एका रासायनिक कंपनीने १९४२ पासून तिथल्या जुन्या कालव्यात हजारो टन विषारी गाळ पुरला आणि १९५३ मध्ये ती जागा एका डॉलरला शाळा मंडळाला विकली. वर शाळा झाली, घरं झाली. १९७८ मध्ये तिथे आणीबाणी जाहीर करावी लागली, आणि १९८० मध्ये देशभरच्या अशा जागांसाठी कायदा झाला. हे सगळं घडवलं लोइस गिब्स नावाच्या एका गृहिणीने. तिने घरोघर फिरून कोणाला काय आजार आहे याच्या नोंदी केल्या. ही बाजू अनेकदा सांगितली जाते. कमी सांगितली जाते ती दुसरी. त्याच वस्तीत ग्रिफन मॅनर नावाच्या सरकारी चाळी होत्या आणि त्यांत बहुतेक काळे भाडेकरू राहत. घरमालकांचं ऐकलं गेलं तेवढं त्यांचं ऐकलं गेलं नाही. विष दोघांच्याही तळघरात सारखंच होतं. मिरजेतही जेव्हा केव्हा भरपाईची, पुनर्वसनाची यादी होईल, तेव्हा भाडेकरूचं नाव तिच्यात आहे का, हे आधी बघा.

आपल्याकडे आता नियम आले आहेत. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम अधिसूचित केले. स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी संशयित जागांची यादी द्यायची, प्रदूषण नियंत्रण मंडळाने ठरलेल्या मुदतीत तपासणी करायची, आणि ज्याने दूषित केलं त्याच्याकडून खर्च वसूल करायचा. चांगलं आहे. पण याच नियमांनी डंपिंगच्या घनकचऱ्याला सरसकट बाहेर ठेवलं आहे. तिथलं रासायनिक प्रदूषण ठरावीक पातळीच्या वर गेलं तरच नियम लागू. म्हणजे माती तपासली तर कळणार की नियम लागू आहे, आणि नियम लागू नाही म्हणून माती तपासायची नाही. प्रदूषण करणारी महापालिका, आणि संशय कळवायचा तोही महापालिकेनेच. चोराच्या हाती किल्ल्या म्हणतात त्या याच.

म्हणून हे काम बाहेरून ढकलावं लागेल. २०१६ च्या एप्रिलमध्ये याच मिरज जंक्शनवरून लातूरला पाण्याची रेल्वे गेली होती. रात्रंदिवस काम करून गाड्या भरल्या, साऱ्या देशाने कौतुक केलं. दुसऱ्याच्या तहानेसाठी एवढं करू शकणाऱ्या शहराला आपल्याच बेडग रोडच्या दहा बोअरचं पाणी प्रयोगशाळेत पाठवणं अवघड जाऊ नये.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. तीन प्रश्न पुरेत. एक, बेडग रोड डेपोच्या खालच्या मातीचे आणि आसपासच्या भूजलाचे तपासणी अहवाल, तारखेसह. दोन, चाळून निघालेली बारीक माती आजवर कोणाला, किती, कोणत्या तपासणीनंतर दिली. तीन, मोकळ्या होणाऱ्या जमिनीच्या वापराबाबत झालेला प्रत्येक ठराव आणि पत्रव्यवहार. पहिल्या प्रश्नाला 'माहिती उपलब्ध नाही' असं उत्तर आलं आणि तिसऱ्याला जाड फाईल आली, तर काय चाललं आहे ते वेगळं सांगावं लागणार नाही. अर्ज महापालिकेत एक आणि जिल्हाधिकारी कार्यालयात एक असे दोन करा, म्हणजे एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवायची सोय राहणार नाही. जुम्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर सह्या घ्यायच्या असतील तर घ्या, पण त्याच दिवशी बुद्धविहारात आणि बेडगच्या ग्रामपंचायतीतही घ्या. काळ्या पाण्याची बोअर कोणाच्या अंगणात आहे, हे भूजलाला माहीत नसतं.